खानोलकर : रंगमंचावरून पडद्यावर

चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. जन्म ८ मार्च १९३०, आजच्या सिंधुदुर्गातल्या बागलांची राई इथे. कुडाळला घरची खाणावळ चालवत त्यांनी कविता लिहिल्या.

रंगभूमीवर त्यांचं नाव झालं ते १९६६ च्या ‘एक शून्य बाजीराव’मुळे. विजया मेहतांनी ते ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे बसवलं. दशावतारी, कीर्तनी ढंगातून माणसाचं एकटेपण मांडणारं असं नाटक मराठीत तोवर नव्हतं. पुढे ब्रेख्तच्या नाटकावरून त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिलं.

त्यांच्या कथानकांवर चित्रपट आले ते त्यांच्या पश्चात. २६ एप्रिल १९७६ ला, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘चानी’ (व्ही. शांताराम, १९७७), ‘कोंडुरा’ (श्याम बेनेगल, १९७८) आणि ‘कालाय तस्मै नमः’वरचा ‘अनकही’ (अमोल पालेकर, १९८५) हे चित्रपट त्यानंतरचे. बेनेगलांनी ‘कोंडुरा’ची कोकणातली गोष्ट आंध्रात नेली, तेलुगूतही केली. ब्रह्मचर्याच्या अटीवर दैवी मुळी मिळालेला तिचा नायक परशुराम तिथेही तितकाच खरा वाटतो, हे खानोलकरांचं बळ. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर, १९७८ मध्ये.