हुकूम मागे कोण घेणार?

नोकियाचे साधे मोबाइल ज्या काळी घराघरांत होते, त्या काळी त्यांत 'जनरल', 'सायलेंट', 'मीटिंग', 'आउटडोअर' असे काही ठरीव प्रकार असत, आणि नाट्यगृहात शिरताना त्यांतला योग्य तो प्रकार माणसाला स्वतःच्या हाताने निवडावा लागे; ज्याला त्याचे स्मरण राहत नसे, त्याची संभावना शेजारच्या खुर्च्यांवरील रसिक यथास्थित करीत. त्याच यादीत 'टाइम्ड' नावाची एक सोय होती. निवडलेल्या प्रकाराची मुदत आधी सांगून ठेवली, की ती संपताच यंत्र पूर्वीच्या प्रकारावर आपोआप परत येई. आजचा स्मार्टफोन ही निवड आपल्या वतीने करू लागला आहे खरा. परंतु त्याच्या या कारभाराची सारी मेख त्या दुर्लक्षित सोयीत दडलेली आहे, असे आमचे मत आहे.

अशा स्वयंचलित व्यवस्थेला सॅमसंगच्या फोनवर 'रूटीन' म्हणतात, ॲपलच्या 'शॉर्टकट्स'मध्ये 'ऑटोमेशन', आणि अँड्रॉइडवरील 'टास्कर' या जुन्या, काहीशा क्लिष्ट पण सामर्थ्यवान ॲपमध्ये 'प्रोफाइल'. नावे भिन्न असली तरी रचना एकच. अमुक घडल्यास तमुक करावे, असा कायमचा हुकूम आपण एकदा लिहून ठेवायचा, आणि उलट प्रश्न न विचारणाऱ्या कारकुनाप्रमाणे यंत्राने तो अक्षरशः अंमलात आणायचा. गाडीचे ब्लूटूथ जोडले गेले की नकाशा उघडावा, बॅटरी उतरली की पॉवर सेव्हिंग सुरू व्हावे, रात्र झाली की पडद्याचा प्रकाश मंद व्हावा, ही त्याची नित्याची उदाहरणे.

अशा हुकुमांच्या निमित्तांपैकी वेळ, चार्जर आणि वाय-फाय ही यंत्राला निःसंदिग्धपणे कळतात. स्थळाचे तसे नाही. बॅटरी फार खर्च होऊ नये म्हणून फोन उपग्रहांना सतत विचारीत बसत नाही. तो भोवतालच्या मोबाइल टॉवरांवरून व वाय-फायवरून अदमास घेतो, आणि म्हणून नकाशावर त्या स्थळाभोवती आखावयाच्या वर्तुळाची त्रिज्या निदान 100 ते 150 मीटर असावी, अशी गूगलचीच शिफारस आहे. जुन्या पेठेतल्या गल्लीत एवढ्या वर्तुळात वाचनालय, मंगल कार्यालय आणि मिसळीचे दुकान ही तिन्ही सुखाने मावतात. शिवाय आपण हद्दीत शिरल्याची वार्ता यंत्राला लागेपर्यंत दोनतीन मिनिटे सहज निघून जातात. तेवढ्यात तिसरी घंटा होऊन पडदा वर गेलेला असतो.

पण हुकूम सुटणे हा सोपा भाग. तो मागे कसा घेतला जातो, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. टास्करमध्ये 'स्टेट' आणि 'इव्हेंट' असा जो भेद केला आहे, तो या दृष्टीने मार्मिक आहे. 'चार्जिंग चालू आहे' ही स्थिती होय, तिला आदि आहे तसा अंतही आहे. 'संदेश आला' ही घटना होय, ती घडून जाते, आणि तिच्या निमित्ताने केलेला बदल आपोआप उलटावा असा क्षणच पुढे येत नाही. सॅमसंगचे रूटीन अट संपताच सामान्यतः जुनी सेटिंग पूर्ववत करते. ॲपलकडे मात्र पोहोचण्याचा हुकूम वेगळा आणि निघण्याचा वेगळा. दुसरा लिहावयाचा राहिला, तर कचेरीत मुका झालेला फोन घरीही मुकाच राहतो.

पूर्ववत करणे तरी कुठे सरळ आहे? समजा, तीन ते पाच बैठक असल्याने फोन मुका झाला, आणि घंटी चालू होती हे त्याने टिपून ठेवले. साडेचारला तुम्ही बैठकीतून उठून वाचनालयात गेलात. तिथल्या हुकुमाने फोन पुन्हा मुका केला, आणि आधीची स्थिती म्हणून 'मुका' अशीच नोंद केली. पाच वाजता पहिल्या हुकुमाची मुदत संपून घंटी पूर्ववत झाली, म्हणजे नेमकी वाचनालयात वाजू लागली. आणि सात वाजता तुम्ही बाहेर पडताच दुसऱ्या हुकुमाने आपल्या दप्तरानुसार फोन मुका करून ठेवला. दोघांनीही आपले काम चोख बजावले, आणि रात्रभर एकही फोन ऐकू आला नाही! ज्या दोन हुकुमांच्या वेळा एकमेकींवर येऊ शकतात, त्यांनी एकाच सेटिंगला हात लावू नये, हाच यावर रोकडा उपाय.

या कारकुनांचे अधिकार कंपन्यांनीही वेळोवेळी आवळले आहेत. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून सामान्य ॲपला वाय-फाय परस्पर चालू-बंद करण्याची मुभा उरली नाही. त्याच वर्षीच्या आयओएस 13 मध्ये वेळ वा स्थळ यांवर बेतलेले ऑटोमेशन मालकाची संमती विचारल्यावाचून चालत नसे, आणि हा निर्बंध पुढे क्रमाक्रमाने सैल झाला. हौशी मंडळींनी यावर बरीच कुरकुर केली. पण आपल्या नकळत फोनचा कारभार हाकणारे ॲप दुष्ट हाती पडले तर काय, हा विचार करता ती तजवीज आम्हांला गैरवाजवी वाटत नाही.

रात्रीच्या 'डू नॉट डिस्टर्ब'लाही अपवादाचे एक कलम असते. एकाच व्यक्तीने आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, किंवा अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला, तर निकड आहे असे समजून तो वाजू दिला जातो. गावाकडची वडीलधारी माणसे मात्र एकदाच फोन करतात, आणि उचलला नाही तर 'झोपला असेल बिचारा' म्हणून सकाळपर्यंत थांबतात. तेव्हा त्यांची नावे अपवादाच्या यादीत आपण स्वतःच घालून ठेवावीत.