दुष्काळ, श्रद्धा आणि केडगावचा धडा

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला बेकारीची व्याख्या फार वेळ समजावून सांगावी लागत नाही. समोरच्या बाकांवरील अनेक मुलांच्या घरी ती कधी ना कधी मुक्काम करून गेलेली असते. काही महिन्यांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. वडील चाकणच्या बाजूला कंत्राटी कामगार होते. काम सुटून चार महिने झाले होते. कुटुंब मूळचे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, धर्माने ख्रिस्ती. बोलता बोलता विद्यार्थ्याची आई म्हणाली, “सर, या चार महिन्यांत आम्ही देवाचा आशीर्वादच पाहिला.”

मी चमकलो. ज्या घरात पगार येत नाही, तेथे आशीर्वाद कसला? अधिक विचारता कळले ते असे : रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतील कोणी ना कोणी पिशवीभर धान्य देऊन जाई, एकाने मुलाची फी भरली होती, आणि ही बाई स्वतः आठवड्यातून दोन दिवस मंडळीतीलच एका आजारी वृद्धेची शुश्रूषा करावयास जात होती. आपल्या अडचणीबद्दल तिने एक अक्षरही गोड करून सांगितले नाही. घरभाडे थकले होते, हे तिने स्पष्टपणे सांगितले. तरीही शब्द वापरला तो ‘आशीर्वाद’!

अर्थशास्त्राच्या माणसाला अशा शब्दाविषयी संशय वाटणे स्वाभाविक आहे. श्रद्धा गरिबाला सोसावयास शिकविते, आणि सोसणारा गरीब हा व्यवस्थेला सोयीचा असतो, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधारही नाही. तेव्हा प्रश्न असा की, संकटात आशीर्वाद पाहणे ही आत्मवंचना आहे की त्यात काही वास्तव अर्थ आहे? या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्याच जिल्ह्यातील, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावची आठवण होते. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ति’ तेथे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. लेकीला त्यांनी व त्यांच्या पत्नीने संस्कृत शिकविले. पुढे दक्षिणेतील दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण असे मृत्यू रमाबाईंनी पाहिले. त्या दिवसांविषयी पुढे लिहिताना त्यांनी एक गोष्ट निर्भीडपणे नमूद केली आहे : कुटुंबाजवळ विद्या होती, परंतु हातांनी काम करून पोट भरण्याची कला नव्हती आणि अभिमानामुळे काम अथवा भीक मागणेही शक्य नव्हते. भुकेचे याहून कठोर आत्मपरीक्षण क्वचितच कोणी केले असेल.

१८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरात तात्त्विक चर्चेचा भाग होताच. पण त्यांच्या मनावर खोल परिणाम केला तो लंडनमधील फुलम येथील एका आश्रमाने. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे धर्मभगिनी मायेने वागवीत होत्या. हे कशाच्या बळावर चालते, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. म्हणजे त्यांना श्रद्धा प्रथम भेटली ती उपदेशाच्या नव्हे, तर उघड्या दाराच्या रूपात.

हे दार त्यांनी पुढे स्वतः उघडले. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतील मदतीची हमी दहा वर्षांचीच असल्याने संस्थेला कायमचे उत्पन्न हवे, म्हणून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाल ऐकून त्यांना आपली जुनी भूक आठवली. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर केडगावच्या वस्तीची संख्या २,००० च्या आसपास पोहोचली.

या स्त्रियांना रमाबाईंनी केवळ अन्न दिले नाही. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे तेथे उभी राहिली; अंध मुलींना ब्रेल लिपीतून शिक्षण मिळू लागले. आपल्या आईवडिलांच्या हाती जे नव्हते, तेच त्यांनी इतरांच्या मुलींच्या हाती दिले. दुष्काळ हे वरदान होते असे त्यांनी कधी मानले असेल, असे वाटत नाही. वरदान होते ते त्या भुकेच्या स्मृतीतून उभे राहिलेले कार्य.

या कार्यावर टीकाही झाली, हे सांगणे न्यायाचे होईल. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदासदनाविषयी पुण्यात मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही आपला पाठिंबा काढून घेतला. भुकेल्याला अन्न देताना धर्मही देणे योग्य काय, हा प्रश्न आजही विचारला जातो व तो विचारलाच पाहिजे; कारण भुकेल्याची निवड पूर्णपणे स्वतंत्र नसते. तथापि त्याबरोबर दुसराही प्रश्न विचारावयास हवा : या विधवा व अनाथ मुलींसाठी त्या वेळी दुसरी किती दारे उघडी होती?

दुष्काळ म्हणजे केवळ धान्याची टंचाई नव्हे. धान्य असूनही ते मिळविण्याचा अधिकार माणसापाशी नसणे हे त्याचे खरे स्वरूप होय, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात याचा अनुभव घेतला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. केडगावात श्रद्धेने जे एका कुंपणाच्या आत केले, त्याचेच तत्त्व, म्हणजे भुकेल्याच्या हाताला काम हे, पुढे शासनाला कायद्यात आणावे लागले.

बायबलही दुःखाचे गोडवे गात नाही. ईयोब आपल्या यातनांबद्दल थेट देवाकडे दाद मागतो. आणि तुझ्या दुःखाला तुझेच पाप कारण, असे सांगणारे त्याचे मित्रच अखेर दोषी ठरतात. म्हणून कारखान्याच्या दारात थांबविलेल्या कामगाराला ‘श्रद्धा ठेव’ असे बाहेरून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो शब्द त्याचा स्वतःचा असेल तरच त्याला मोल आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून या पट्ट्याने हजारो विस्थापितांना पोटाला लावले. पण कायम नोकरीच्या जागी कंत्राट येत गेले, तसतशी कामगाराची जोखीम त्याच्या स्वतःच्या शिरावर पडत गेली. ती जोखीम आज भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या एखाद्या छोट्या मंडळीने, शेजाऱ्याने, गावाकडच्या भावाने उचलावी, हे त्या माणसांना भूषणावह आहे. शासनाला आणि कारखानदारांना नाही. पिशवीभर धान्य हे बेकारी विम्याला पर्याय होऊ शकत नाही.

तरीही त्या आईच्या शब्दाला मी आता आत्मवंचना म्हणणार नाही. तिने बेकारीला आशीर्वाद म्हटले नव्हते. दारी आलेले धान्य आणि स्वतःचा हात धरून बसलेली वृद्धा, या दोहोंना मिळून तिने ते नाव दिले होते. घेणारी असतानाही ती देणारी राहिली होती. रमाबाईंची कन्या १९२१ मध्ये वारली व पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते. केडगावचे दार मात्र आजही उघडे आहे. संकटाने माणसाचे दार बंद होते की उघडते, यावरच त्या संकटातील आशीर्वादाची परीक्षा व्हावयाची असते.