सांध्याचे महिने

नायजरच्या बाजारात बाजरी मापाने विकतात. हौसा भाषेत या मापाला 'तिया' म्हणतात, आणि एका तियात साधारण अडीच किलो बाजरी बसते. आपल्या पायलीच्या नात्यातलेच हे माप. सुगी उरकली की ऑक्टोबरात शेतकरी कर्ज भागवायला बाजरी मोजून देतो. जून-जुलैत तोच माणूस त्याच बाजारात मोजून घ्यायला येतो, तेव्हा भाव चढलेला असतो. जुने धान्य सरलेले आणि नवे अजून कणसात भरायचे, अशा या काळाला तिथे फ्रेंचमधून 'सुद्युर' म्हणतात. सुद्युर म्हणजे डाग देऊन केलेला सांधा. यंदाचा सांधा धरेल की निखळेल, हाच नायजरच्या पीकपाण्याचा खरा प्रश्न.

नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे. नायजेरियाच्या उत्तरेला, सहारात शिरलेला हा देश महाराष्ट्राच्या चौपट मोठा आहे, पण पीक येते ते दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात. पाऊस जून ते सप्टेंबर. बाजरी, तिच्याखालोखाल ज्वारी आणि मध्ये चवळी, अशी तिथली कोरडवाहू शेती. पहिला पाऊस झाला की एक जण खड्डे पाडत पुढे जातो आणि मागचा चिमटीने बी टाकून पायाने माती लोटतो. मग पावसाने दडी मारली की पुन्हा पेरणी. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातले काही समजावून सांगायला नको. बाजरी तर मूळची तिकडचीच: सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली आणि नंतर भारतात पोचली.

पीक बुडाले म्हणून उपासमार, हे गणित मात्र तिथे नेहमी लागू पडत नाही. 2004 साली टोळधाड आली, पाऊसही लवकर आटोपला. तरी धान्याचे उत्पादन आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण 11 टक्केच कमी होते. पुढच्या वर्षी कुपोषित मुलांची रीघ सर्वाधिक लागली ती मराडी भागात, म्हणजे देशाचे धान्याचे कोठार समजल्या जाणाऱ्या प्रदेशात! धान्य बाजारात होते, पण त्याचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला होता. नायजेरियात भाव चढे राहिले, तेव्हा एरवी तिथून येणारी बाजरी आली नाही. माली आणि बुर्किना फासोने निर्यात रोखली. चारा नसल्याने पशुपालकांनी शेळ्या-गाई मिळेल त्या भावाने काढल्या. धान्य महाग आणि जनावर मातीमोल, असा दुहेरी मार त्यांना बसला.

समुद्र नसलेल्या देशाचे हे शेजाऱ्यांवर अवलंबून असण्याचे दुखणे 2023 मध्ये अगदी उघडे पडले. 26 जुलैला नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि 30 तारखेला पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' संघटनेने निर्बंध लादले. महिना पाहा: ऐन सुद्युरचा. बेनिनमधल्या कोतोनू बंदरातून येणारा माल सीमेवर अडकला, नायजेरियाकडची वाट बंद झाली, तांदळाचे भाव भडकले. शेतात बाजरी उभी होती, पण तिला कापणीपर्यंत अवकाश होता. निर्बंध उठले ते फेब्रुवारी 2024 मध्ये. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने तीनशेहून अधिक जीव घेतले, लाखो लोकांना बेघर केले. ऑक्टोबरात सरकारने धान्याच्या निर्यातीवर बंदी घातली. सूट फक्त माली आणि बुर्किना फासोला.

यात शेतकरी हात बांधून बसलेला नाही. मराडीकडे 1980च्या दशकापासून लोकांनी जुन्या बुंध्यांचे फुटवे तोडायचे सोडून जपायला सुरुवात केली, आणि लाखो हेक्टर शेतात झाडे परत आली. त्यातले 'गाओ' नावाचे झाड मोठे सोयीचे: ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही आणि खत आयते मिळते. बंदरावरून ट्रकने येणारे रासायनिक खत महाग, म्हणून हैदराबादजवळ मुख्यालय असलेल्या 'इक्रिसॅट' या कृषी संशोधन संस्थेने राजधानी नियामेजवळच्या सादोरे केंद्रातून एक काटकसरीचा उपाय दिला: सोड्याच्या बाटलीचे झाकण हेच माप. प्रत्येक खड्ड्यात झाकणभर, सुमारे 6 ग्रॅम.

आणि सुगीतच बाजरी फुंकायची नसेल तर 'वॉरांताज', म्हणजे आपल्याकडची शेतमाल तारण योजनाच. पोती गोदामात ठेवायची, त्यावर कर्ज उचलायचे आणि भाव चढला की विकायची. दाराला दोन कुलुपे असतात. एका कुलपाची किल्ली शेतकऱ्यांच्या संघाकडे, दुसऱ्याची कर्ज देणाऱ्याकडे. कुलपे कधी उघडायची ते ठरवण्याआधी शेतकरी मात्र मोबाइल काढतात आणि सीमेपलीकडे, नायजेरियातल्या कानोजवळच्या दवानाउ बाजारात आज बाजरीचा भाव काय, ते विचारून घेतात.