नरसाळ्यातली मिरची

फोटोसाठी काही सुचत नाही, अशी तक्रार करणारे बरेचदा लडाखचं तिकीट काढतात आणि सगळ्यांकडे आधीच असलेलं पँगाँग सरोवर घेऊन परत येतात. त्यापेक्षा मंडईत जा आणि एक वेडीवाकडी ढोबळी मिरची आणा. गुळगुळीत, देखणी नको.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने हेच केलं. 1925 साली मेक्सिकोत त्याने चक्क संडासाच्या चिनीमातीच्या भांड्याचा फोटो काढला, 1927 मध्ये शंख. मग कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी मिरच्यांचा नाद लागला. त्या बाजारातून आणायची त्याची शिष्या आणि सहचारिणी सोन्या नॉस्कोविआक. फोटोमागून फोटो झाले, तरी मिरची मनासारखी उठून दिसेना. ऑगस्ट 1930 मध्ये त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली, आणि ‘पेपर नंबर 30’ हा जगप्रसिद्ध फोटो जन्मला. पाठमोऱ्या, पीळदार माणसासारखी दिसणारी ती मिरची तुम्ही पाहिली असेल.

नरसाळ्याने काय केलं? उजेड एका बाजूने आला की वस्तूची दुसरी बाजू काळी पडते आणि मागच्या अंधारात मिसळून जाते. नरसाळ्याचा आतला गोलसर पत्रा थोडा उजेड परत फेकतो. त्यामुळे सावलीतल्या कडाही मंद उजळतात, प्रत्येक फुगवटा सुटा दिसतो आणि मागचा काळोख काळोखच राहतो.

घरी करून बघा. दुपारी ट्यूबलाइट बंद करून, ऊन थेट येत नसेल अशा खिडकीशी मिरची ठेवा. नरसाळं नसेल तर ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं आडवं करा. स्टीलचं लखलखीत भांडं टाळा, त्यात खिडकी आणि तुम्ही दोघेही दिसाल. फोन फार जवळ नेऊ नका, आकार फुगतो. थोडं मागे सरून दुप्पट झूम घ्या. मिरचीच्या सर्वांत उजळ ठिपक्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच राहील. मग उजेड थोडा कमी करा. फोन बहुधा सगळं गोरंगोमटं करायला बघतो, त्याचं ऐकू नका.

आता खरं काम. एका वेळी एकच गोष्ट बदला: मिरची जराशी फिरवा, नाहीतर पातेलं सरकवा, नाहीतर तासभर थांबून उजेड उतरू द्या. तिन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. रात्री सगळे फोटो एकत्र लावून बघा. एखाद्यात देठाजवळची घडीच तेवढी जिवंत वाटेल. उद्या फक्त त्या घडीवर काम करा. विषय सुचणं म्हणतात ते बहुतेक वेळा असंच घडतं, कालच्या अर्धवट जमलेल्या फोटोतून. ‘30’ हा आकडा उगाच नाही पडलेला.

आणि भाजी करायची घाई करू नका. दोन-तीन दिवसांनी मिरची सुकून सुरकुतते, तेव्हा ती पुन्हा खिडकीशी ठेवा. तिरप्या उजेडात त्या सुरकुत्या ताज्या सालीपेक्षा जास्त काही देतात.