चूक सांगावी कशी, ऐकावी कशी? जव्हार-मोखाड्यात पाहिलेलं

ऊसवाल्यांच्या पत्रिकेत जव्हार-मोखाडा कशाला आला, असं सभासद बंधू-भगिनींना वाटणं साहजिक आहे. पालघर जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत ऊस शोधू गेलं तर हाती काही लागायचं नाही. तिथं भात, नागली आणि वरई. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरींवर बसून असतात. भात झोडून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. आपल्याकडे कोप्या घालून राहणारी तोडकरी मंडळी आणि ही मंडळी, मुलूख निराळा, पण संसार डोक्यावर घेऊन फिरण्याची तऱ्हा एकच.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या शेतकी विभागाचे पाच-सहा जण तिकडची फळबागांची आणि पाणी अडवण्याची कामं पाहायला गेलो होतो. त्याबद्दल पुढं कधीतरी सवडीनं लिहू. आज लिहायचं आहे ते कामाच्या ठिकाणी चूक दाखवणं आणि दाखवून घेणं याबद्दल. हा विषय आम्हाला जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत सापडला.

त्या दिवशी मुलांची वजनं चालली होती. वाशाला काटा टांगलेला, खाली झोळी. भट्टीवरून नुकत्याच परतलेल्या एका घरातलं दोन वर्षांचं पोर झोळीत घातलं, तर मागच्या नोंदीपेक्षा वजन कमी भरलं. दंडाला पट्टी लावली तर ती लाल रंगात गेली. ही पट्टी मोठी नामी वस्तू आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. वाचता न येणाऱ्या आईलाही कळतं.

तपासणीला आलेल्या मुख्यसेविका शेजारीच बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, आता सेविकेची खरडपट्टी निघणार. बाईंनी एवढंच विचारलं, "ताई, हे घर परत कधी आलं?" "चार दिवस झाले, मॅडम." "मग चार दिवसांत तुम्ही गाठलंत की. आता डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते ठरवू. आईला सोबत कोण जाईल?" झालं. तो आकडा तिथंच, तसाच वहीत चढला.

पुढचं आणखी ऐकण्यासारखं. सेविका जरा घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, हा काटा बरोबर दाखवत नाही. मागंही सांगितलं होतं." आम्हा पाहुण्यांच्या देखत! मुख्यसेविकेचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, तारीख घातली, सेविकेचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं आणि म्हणाल्या, "मागं सांगितलंत ते माझ्याकडून राहिलं. गुरुवारी दुसरा काटा घेऊन येते, सगळ्यांची वजनं पुन्हा करू." वरच्यानं खालच्याचं असं ऐकून घेतलेलं आम्ही नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

या गोष्टीला तिथं किती मोल आहे, हे त्या मुलखाचा इतिहास माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालकं कुपोषणानं दगावली. सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, योजना आल्या. तरी २००४ साली डॉ. अभय बंग यांच्या समितीला सांगावं लागलं की, राज्यात दरवर्षी १ लाख २० हजार ते १ लाख ७५ हजार बालमृत्यू होत असावेत आणि सरकारी नोंदीत त्यातले थोडेच दिसतात. पुढं २०१६ साली मोखाड्यातल्या खोच गावात कुपोषणानं मूल गेलं. त्या वेळचे पालकमंत्री विष्णू सवरा तिथं पोचले तेव्हा, उशिरा आलात म्हणून लोकांनी त्यांना तोंडावर सुनावलं.

नोंद का बुडते? कारणं अनेक असतील. घर भट्टीवर गेलेलं असतं, पाडा रस्त्यापासून लांब असतो. पण एक कारण आम्हा शेतकी खात्यातल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. "तुझ्याच भागात एवढे कसे?" या एका प्रश्नानं पुढच्या महिन्याचा आकडा खाली येतो. आजार मात्र जागेवरच राहतो.

उसातही हेच चालतं. गटातला चिटबॉय बैठकीत सांगतो, अमुक शिवारात हुमणी लागली. साहेब म्हणतात, तुझ्याच गटात बरी लागली! पुढच्या बैठकीला हुमणी कागदावरून नाहीशी होते आणि तोडणीला एकरी पंचावन्न टनांचा अंदाज केलेला प्लॉट पस्तीसवर येतो. मग गाड्यांचा कार्यक्रम कोलमडतो, आणि तोडणी लांबली म्हणून आपण त्याच चिटबॉयला पुन्हा फैलावर घेतो. सभासदांनीही जरा मनाला विचारावं. कर्जाची मर्यादा वाढावी म्हणून नोंदीत चार गुंठे जास्त लिही, असा आग्रह त्या पोराला कुणी केला नाही का?

आणि सांगायचं ते वेळेत सांगितलं पाहिजे. नांग्या भरायच्या त्या लागणीनंतर महिन्याच्या आत; बांधणीच्या वेळी "उगवण विरळ आहे" म्हणणाऱ्याचा शेतकऱ्याला काय उपयोग? गवताळ वाढीचं बेट दिसलं की त्याच दिवशी उपटायला सांगावं, आणि बांधावर उभं राहून, त्या बेटाकडे बोट दाखवून सांगावं. चावडीवर चार माणसांत "तुमची शेतीच आळशी" म्हटलं तर तो गडी बेट उपटणार नाही, आपल्याशी बोलणं तेवढं बंद करील. त्याचं तरी काय चुकलं?

ऐकून घेणं त्याहून अवघड, हे मान्य आहे. परवा एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला रस्त्यात थांबवून ऐकवलं, "साहेब, तुमची माणसं बुलेटवरून ऊस बघतात, फडात शिरत नाहीत." बोलणं झोंबलं. पण त्यांच्या फडात आत गेल्यावर मधल्या चार सऱ्या लोळलेल्या निघाल्या, बांधावरून त्या दिसत नव्हत्या.

म्हणून या हंगामापासून प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. तीन रकाने: तारीख, म्हणणं, काय केलं. सभासदानं लिहावं, चिटबॉयनंही लिहावं, आमच्याविरुद्ध असलं तरी लिहावं. सोमवारच्या बैठकीत आधी तिसरा रकाना जिथं कोरा आहे त्या ओळी वाचल्या जातात. "असं का लिहिलंस" हे विचारायचं नाही, असं सर्वांना सांगून ठेवलं आहे. पहिल्या महिन्यात एका गटाच्या वहीत सतरा नोंदी आल्या, दुसऱ्या एका गटात एकही नाही. त्या दुसऱ्या गटात पुढच्या आठवड्यात आम्ही स्वतः दोन दिवस बसणार आहोत.

वही टेबलावर असते, खणात नाही. पेन मात्र सभासदांनी आपलं आणावं. दोरीला बांधलेली दोन आतापर्यंत गेली आहेत.