उसाच्या पट्ट्यातले दुधाचे दात

मुलाच्या दातांची घडण जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतानाच जबड्यात दुधाच्या दातांचे कोंब धरतात आणि जन्माच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढेवर कवच चढायला लागते. त्यामुळे गरोदरपणातला आहार आणि आईच्या स्वतःच्या किडलेल्या दाढा हाही बाळाच्या दातांचाच विषय ठरतो. कीड घडवणारे जंतू बाळाच्या तोंडात उपजत नसतात. ते बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून, उष्ट्या चमच्याने भरवताना पोहोचतात.

बहुतेक बाळांना सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचे समोरचे दोन दात येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दुधाचे दात पूर्ण होतात. पहिला वाढदिवस होऊन गेला तरी दात नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही; दीड वर्ष उलटले तर मात्र दाखवावे. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, ही समजूत गावोगाव ऐकू येते. तिला कसलाही आधार नाही, मामाने निर्धास्त राहावे. दात येताना ताप-जुलाब व्हायचेच, ही समजूत मात्र खरोखर घातक आहे. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. जुलाब त्या घाणीतून होतात. त्यांना दातांच्या नावावर सोडून दिले, तर अंगातले पाणी कमी होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकते.

पहिला दात दिसला की त्याची स्वच्छता सुरू करायची. आधी ओल्या मऊ फडक्याने, मग लहान मुलांच्या ब्रशने. या वयातला सर्वांत मोठा धोका रात्रीचा असतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच बाळ झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या समोरच्या दातांभोवती साचून राहते आणि हिरडीलगत पांढरे पट्टे उमटतात. ते पुढे तपकिरी होतात आणि दोन-तीन वर्षांच्या पोराच्या तोंडात दातांऐवजी काळे खुंट उरतात. खालचे समोरचे दात जिभेच्या आडोशाने आणि लाळेने बरेचदा वाचतात. चोखणीला मध लावण्याने हेच होते. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा नव्हे. बाजारात दाढेतून ‘किडे काढून दाखवणारे’ हातचलाखी करत असतात. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दातातला चुना विरघळवते. प्रत्येक गोड घासानंतर हा हल्ला साधारण अर्धा तास चालतो, मग लाळ थोडीफार झीज भरून काढते. म्हणूनच गोड एकूण किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, याचा हिशेब मोठा. सणाला जेवणात चार पुरणपोळ्या खाणाऱ्या मुलापेक्षा दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्या मुलाचे दात लवकर जातात.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा हिशेब विशेष लागू पडतो. घोड आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा. दौंड तालुक्यात केडगाव, राहू, पारगाव या भागात गुऱ्हाळे धडधडतात आणि मुलांच्या हातात उसाचे कांडे, गुळाचा खडा, काकवीची वाटी असते. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना निरुपद्रवी, असे अनेक घरांत मानले जाते. पोषणाचे काहीही असो, जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. उलट गूळ चिकट असल्याने जास्त वेळ दातांना धरून राहतो. ऊस चावल्याने दात साफ होतात, हेही अर्धेच खरे. चोथ्याने घासले जाते, पण रस साखरेचाच असतो. गोड वर्ज्य करण्याची गरज नाही. ते जेवणाबरोबर खावे, वर खळखळून चूळ भरावी आणि दोन जेवणांच्या मध्ये पाणीच प्यावे.

दात घासायला राखुंडी किंवा खरखरीत मंजन मुलांना देऊ नये. त्याने कवच झिजते. मिश्रीचा तर विचारही नको. दातांच्या मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर देशात 1992 मध्येच बंदी आली, तरी घरात आजी मिश्री लावते ते नातवंडे बघतात आणि दुखऱ्या दाढेवर तीच चिमूटभर दाबली जाते. फ्लोराइडची पेस्ट सर्वांत उपयोगी: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. दोन वेळा घासायचे, त्यातही रात्रीचे चुकवायचे नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही, म्हणून शेवटचा हात मोठ्या माणसानेच मारावा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे दातांवर डाग पडतात; अशा ठिकाणी पेस्ट दंतवैद्याच्या सल्ल्याने निवडावी.

‘पडणारच आहेत, मग कशाला खर्च?’ या एका वाक्याने जितके दात घालवले, तितके गोडानेही घालवले नसतील. दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. ती अकाली काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो. ठणका लागलेले मूल जेवत नाही, झोपत नाही, वजन घेत नाही. 2002-03 च्या राष्ट्रीय मुखआरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते.

सहाव्या वर्षी आणखी एक घोटाळा होतो. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ उगवते. दात पडला नाही म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी लक्ष दिले जात नाही. ही जन्मभराची दाढ असते. तिच्या चावण्याच्या बाजूला खोल खाचा असतात; दंतवैद्याकडून त्यांत वेळीच पातळ लेप भरून घेतला तर कीड बरीच टळते. पालकांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही, तरी ही सहा वर्षांची दाढ विसरू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात, त्या यादीत दातांची कीडही आहे. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तरात पडून राहू नये. ऊसतोड कामगारांच्या मुलांची मोठीच अडचण असते: पथक गावी आले तेव्हा ती फडावर, आणि फडाजवळच्या शाळेत त्यांचे नाव नसते. अंगणवाडी ताई आणि आशा सेविकांनी कोप्यांवरची, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांतली मुले तपासणीला आणली तरच ती सापडतात. मोठे उपचार लागले तर पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग असतात आणि तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. कॅम्पातले रंगूनवाला महाविद्यालय दौंडहून रेल्वेने येणाऱ्यांना सोयीचे. धनकवडीला भारती विद्यापीठाचे आहे.

शाळेच्या वयात पडझडही होते. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, घासू नये, थंड दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. बरेचदा तो पुन्हा बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या समोरच्या दातांत फट दिसली तर लगेच तारेची घाई नको. सुळे उतरले की ती बहुधा आपोआप मिटते. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणे चालू असेल, तर सल्ला घ्यावा. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते; तिच्याही खाचा तपासून घ्याव्यात.