कुलूप, किल्ली आणि चौथा पाय

नव्वदच्या दशकात टीव्हीला यंत्र जोडून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळलेली मंडळी आज प्राध्यापकांच्या खोलीतही सापडतील. त्या खेळांच्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे काहीतरी छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, तेच ते निराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा!

या कॅसेटी बहुतेक नकली. तरी यंत्र त्या बिनतक्रार स्वीकारी. कारण साधे आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्रात कुलूपच नव्हते, आणि आपल्याकडची यंत्रे त्याचीच नक्कल होती. १९८५ साली तेच यंत्र नव्या पेटीत घालून अमेरिकेत विकावयास काढले, तेव्हा मात्र कंपनीने आत कुलूप बसविले.

हे कुलूप म्हणजे एक लहानशी चिप. तिची जुळी बहीण प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्र सुरू होताच दोघी एकच गुप्त आकडेमोड करू लागतात आणि उत्तरे सतत ताडून पाहतात. दोन गवयांनी एकच तान एका लयीत घ्यावी, तसे. एखादा सूर चुकला, की यंत्रातली चिप खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास लावते, आणि हे जवळजवळ दर सेकंदाला. पडदा नुसता लुकलुकत राहतो. कॅसेटच्या पट्ट्यांवर धूळ बसली, तरीही हेच होई! म्हणजे पूर्ण पैसे मोजणारा सज्जन कॅसेटीत फुंकर मारीत बसलेला.

कुलूप अर्थातच फुटले. काही कंपन्यांनी विजेचा झटका देऊन चिपला बधिर केले. अटारी गेम्सने तर खटल्यासाठी हवी असे सांगून तिच्या प्रोग्रॅमची प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतूनच मिळविली. १९९२ साली अपील न्यायालयाचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. पण सर्वांत सोपी युक्ती चौथ्या पायाची. दोन्ही चिपा एकाच घडणीच्या; कुलूप कोण आणि किल्ली कोण, हे चौथ्या पायावरील विजेच्या दाबावरून ठरे. यंत्रातल्या चिपचा तो पाय कापला, की कुलूप स्वतःलाच किल्ली समजू लागे आणि कोणालाही अडवीत नसे.

आजचे कुलूप इंटरनेटवरून किल्ली मागविते, पण पेच जुनाच आहे. खेळ चालावयाचा तो ग्राहकाच्या घरी, म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्याच हाती. जाणकार माणूस प्रोग्रॅम उलगडीत तपासणीच्या ओळीपर्यंत पोहोचतो आणि उत्तर काहीही आले तरी 'ठीक आहे' असेच ठरवून टाकतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. असे कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. मात्र त्यात हक्कभंगाच्या हेतूची अट आहे. त्यामुळे स्वतःच्या जुन्या यंत्रातला पाय कापणारा आणि बनावट कॅसेटी विकणारा यांना ते एका मापाने मोजीत नाही.